जंतू मरावेत, मूळ वाढावे

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा बूलोन्य गावचा कसिनो ब्रिटिश लष्कराने इस्पितळासाठी ताब्यात घेतला. जुगाराच्या टेबलांच्या जागी खाटा आल्या आणि त्याच इमारतीत सर आल्मरोथ राइट यांची प्रयोगशाळा थाटली गेली. त्यांच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचा स्कॉटिश डॉक्टर काम करत होता. पेनिसिलिनचा शोध अजून बराच लांब होता. खंदकांतून येणाऱ्या जखमा चिखल, कापडाच्या चिंध्या आणि गोळ्यांच्या कपच्यांनी भरलेल्या असत. शल्यविशारद त्यांत कार्बोलिकसारखी जहाल जंतुनाशके ओतत. तरी पू थांबत नसे.

का थांबत नाही, हे दाखवायला फ्लेमिंगने एक परीक्षानळी घेतली. काच तापवून त्याने तिच्या अंगाला बाहेरच्या बाजूने पोकळ काटे ओढून काढले. ही झाली काचेची जखम, तिच्या सगळ्या कानाकोपऱ्यांसकट. नळीत त्याने जंतू मिसळलेला द्रव भरला आणि ओतून टाकला. मग जंतुनाशक भरले, तेही ओतून टाकले. शेवटी जंतूंना मानवणारा स्वच्छ द्रव भरून नळी उबेत ठेवली. थोड्याच वेळात ती पुन्हा जंतूंनी गजबजली. औषध मधल्या पोकळीत पोहोचले होते, काट्यांच्या टोकांपर्यंत नाही. त्याची दुसरी नोंद याहून बोचरी होती. हीच जंतुनाशके जंतूंना मारण्याआधी जखमेतल्या पांढऱ्या पेशींना मारतात, म्हणजे शरीराची स्वतःची फौजच आधी कापून काढतात.

फ्लेमिंगच्या मनात दात नव्हता. पण लहान मुलाच्या अर्धवट वाढलेल्या, आतून सडलेल्या दाताची अडचण नेमकी हीच आहे. दंतवैद्यकाला ती नीट उमगायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

वरचा पुढचा पक्का दात मुलाच्या सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर डोकावतो. त्याचे मूळ पुरे व्हायला मात्र आणखी तीनेक वर्षे लागतात. तोवर मूळ आखूड असते, भिंती पातळ असतात आणि टोक मिटण्याऐवजी खाली रुंदावत गेलेले असते. जुन्या काळच्या रुंद तोंडाच्या बंदुकीवरून दंतवैद्य त्याला ब्लंडरबस म्हणतात. नेमक्या याच वयात मुले सायकलवरून पडतात, झोपाळ्याची फळी तोंडावर घेतात, शाळेच्या पायऱ्यांवर आपटतात. मार बसला की मुळाच्या टोकातून आत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, आतला गर मरतो आणि तडा गेलेल्या जागेतून जंतू शिरतात. मूळ घडवणाऱ्या पेशी त्या गरातच असतात. त्या गेल्या की मूळ होते तिथेच थांबते.

मोठ्या माणसाच्या रूट कॅनलमध्ये डॉक्टर फाइल नावाच्या बारीक सुयांनी नळीच्या भिंती खरवडतो आणि निमुळत्या टोकापर्यंत गटापर्चा नावाचा मसाला ठासून भरतो. इथे निमुळते टोकच नाही, त्यामुळे भरलेला मसाला खाली हाडात उतरतो. भिंतीही खरवडता येत नाहीत, कारण त्या आधीच पातळ आहेत. त्या भिंती डेंटिन या कठीण पदार्थाच्या असतात आणि त्यांत सूक्ष्म नलिका आहेत, गराच्या बाजूला चौरस मिलिमीटरला चाळीस हजारांहून जास्त. कोवळ्या दातात त्या जास्त रुंद असतात आणि जंतू त्यांत खोलवर जाऊन बसतात. फ्लेमिंगच्या नळीला मोजकेच काटे होते. इथे त्यांची मोजदाद करणेही अवघड. हत्याराला बंदी म्हटल्यावर उरते ते औषध.

ते औषधही त्याच युद्धातून आले. बूलोन्यपासून दूर, काँपिएन्यच्या इस्पितळात अलेक्सी कारेल हे नोबेल विजेते फ्रेंच शल्यविशारद आणि हेन्री डेकिन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. डेकिनने दोनशेहून जास्त पदार्थ तपासले. जंतू मेले पाहिजेत आणि मांस जळता कामा नये, ही त्याची अट होती. निवड झाली ती सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचची. पण ते अर्ध्या टक्क्यावर आणलेले आणि त्याची दाहकता बोरिक अ‍ॅसिडने मोडलेली. कारेलने रबरी नळ्या जखमेच्या खाचाखोचांत सोडून ठरावीक वेळाने हा द्रव सोडण्याची पद्धत बसवली. जखमेत जंतुनाशक ओतावे की नाही, यावरून राइट आणि कारेल यांच्या गटांत कडाक्याचे वाद झाले. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, पण तो निवाडा लष्करी इतिहासकारांवर सोडू.

युद्धानंतर हायपोक्लोराइट दंतवैद्यांच्या हाती आले आणि त्यांनी अर्ध्या टक्क्याची अट सोडून दिली. मेलेला गर विरघळवायला कडक द्रावण हवे म्हणून टक्केवारी वर सरकत सव्वापाचपर्यंत गेली. मोठ्या माणसाच्या दातात ते खपून जाते, कारण टोक चिंचोळे असते. उघड्या टोकाच्या दातात पिचकारी जरा जोरात दाबली, तर तेच ब्लीच हाडात जाते आणि मुलाचा गाल डोळ्यापर्यंत सुजतो.

दुसरे औषध त्याहून साधे होते. १९२० मध्ये जर्मनीत बेर्नहार्ड हेरमान यांनी दातात भरण्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड पुढे आणले. आपल्याकडे पानाला लावतात तो भिजवलेला चुना हाच. त्याचा अल्कधर्मीपणा इतका तीव्र असतो की त्यात फारसे जंतू तग धरत नाहीत. १९६४ मध्ये अमेरिकेत कायझर यांनी आणि १९६६ मध्ये आल्फ्रेड फ्रँक यांनी दाखवले की, उघड्या टोकाच्या दातात हा चुना भरून ठेवला आणि काही महिन्यांनी बदलत राहिले, तर टोकाशी कठीण पदार्थाचा एक पडदा तयार होतो. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे जातात. पडदा झाला की मग त्यावर नेहमीचा मसाला भरायचा. या पद्धतीला एपेक्सिफिकेशन म्हणतात आणि पुढची तीसेक वर्षे जगभरच्या मुलांचे दात तिने वाचवले.

म्हणजे निदान तेव्हा तरी वाटले होते की वाचवले. १९९२ मध्ये स्वीडनमधील मिओमिर त्स्वेक यांनी अशा दातांचा मागोवा घेतला. मुळाची वाढ सर्वांत कमी झालेल्या गटात ७७ टक्के दात मानेशी मोडलेले आढळले आणि वाढ बरीच झालेल्या गटात २८ टक्के. जंतू गेले होते, पू थांबला होता, एक्स-रे चांगला होता आणि दात चावताना तुटला होता. २००२ मध्ये डेन्मार्कच्या आंद्रेआसेन यांच्या गटाने मेंढीच्या दातांवर प्रयोग करून सांगितले की, महिनोन्‌महिने चुना भरून ठेवला तर डेंटिनच कमकुवत होत जाते. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाच्या महमूद तोराबिनेजाद यांनी तोवर एमटीए नावाचे सिमेंट आणले होते. मूळचे पोर्टलँड सिमेंट, त्यात एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड. त्याने टोक एकाच बैठकीत बुजवता येऊ लागले. वर्ष-दोन वर्षांचे खेटे वाचले. पातळ भिंती मात्र पातळच राहिल्या. मूळ स्वतः वाढले तरच त्या जाड होणार, आणि मूळ वाढायला आत जिवंत ऊती हवी.

ही कल्पना एका नॉर्वेजियन माणसाने कधीच मांडून ठेवली होती. बिर्गर न्यूगोर-ओस्बी यांनी १९६१ मध्ये एक धाडसी प्रयोग छापला. त्यांनी दातातला गर काढला, मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम सुई नेऊन रक्त काढले आणि नळीत त्याची गुठळी होऊ दिली. काही दिवसांनी, काही महिन्यांनी, काही वर्षांनी ते दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गुठळीच्या जागी तंतुमय ऊती वाढली होती आणि भिंतींवर सिमेंटमसारखा, म्हणजे मुळावरच्या कठीण आवरणासारखा, थर बसला होता. जखम गुठळीतून भरते, मग दाताने काय घोडे मारले आहे, असा त्यांचा सरळ विचार होता. पण जिथे गर आधीच सडलेला होता, तिथे निकाल फारसा लागला नाही.

याच माणसाने त्याआधी, १९५७ मध्ये, ईडीटीए हे रसायन रूट कॅनलमध्ये आणले होते. ते कॅल्शियम बांधून घेते, त्यामुळे भिंतीवरचा थर मऊ होऊन निघतो. अरुंद नळी रुंद करायला मदत व्हावी, एवढाच त्यांचा हेतू. एकाच संशोधकाच्या या दोन गोष्टींचा, रक्ताच्या गुठळीचा आणि ईडीटीएचा, एकमेकींशी काही संबंध आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. त्यांच्याही ध्यानात आल्याचे दिसत नाही.

सडलेल्या दातात गुठळी का चालली नाही, याचे उत्तर १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा येथून आले. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून गर उघडा टाकला. साध्या उंदरांचा गर सडला. जन्मापासून जंतुविरहित काचघरात वाढवलेल्या उंदरांच्या दातांत अन्न अडकलेले असूनही गर जगला आणि त्याने स्वतःवर डेंटिनचा पूल बांधला. गरात दुरुस्तीची ताकद आहे, जंतू तिला हात चालवू देत नाहीत, इतका हा पुरावा स्वच्छ होता. पुढे मार लागून निखळलेले कोवळे दात परत बसवल्यावर काय होते, हे माकडांत आणि कुत्र्यांत पाहिले गेले. उघड्या टोकातून रक्तवाहिन्या हळूहळू नळीत शिरतात आणि मेलेल्या गराच्या जागी जिवंत ऊती येते, पण फक्त जंतू पोहोचण्याआधी. डॉक्सीसायक्लिनच्या द्रावणात दात बुडवून मग बसवला तर हे घडण्याची शक्यता वाढते, असेही त्स्वेक यांनी माकडांवर दाखवले.

आता कोडे एका वाक्यात मावत होते. आधीच सडलेल्या दाताची नळी नुकत्याच निखळलेल्या दाताइतकी स्वच्छ करता येईल का?

प्रतिजैविकांची भुकटी दातात भरण्याचा मार्ग जुना होता. फिलाडेल्फियातल्या लुई ग्रॉसमन यांनी १९५१ मध्ये पेनिसिलिन, बॅसिट्रॅसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन यांची पेस्ट आणली, बुरशीसाठी त्यात सोडियम कॅप्रिलेट घातले. काचेच्या काट्यांसमोर हात टेकलेल्या फ्लेमिंगचेच पेनिसिलिन अशा रीतीने दातात पोहोचले. मात्र दातात वारंवार भरलेल्या पेनिसिलिनमुळे काहींना त्याची अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका होता आणि १९७५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही पेस्ट बंद केली. लंडनमध्ये रूल आणि विंटर यांनी १९६६ मध्येच अशा मिश्र प्रतिजैविकांनी मुलांच्या मेलेल्या दातांची मुळे वाढल्याचे नोंदवले होते. त्या लेखाकडे पाहिजे तितके कुणी पाहिले नाही.

नव्वदच्या दशकात जपानच्या नीगाता विद्यापीठात एत्सुरो होशिनो यांच्या गटाने सूत्र पुन्हा हातात घेतले. संसर्ग झालेल्या डेंटिनमधले जंतू बहुतांशी हवेशिवाय जगणारे असतात. त्यांना मेट्रोनिडाझोल चालते, पण सगळ्यांना नाही. सुटलेल्यांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन. १९९६ मध्ये त्यांनी छापले की, एकेकट्या औषधाने जंतू पुष्कळ घटतात पण संपत नाहीत, तिन्ही एकत्र केली की नमुन्यांत एकही उरत नाही. हे मिश्रण डेंटिनच्या जाडीत शिरून आतले जंतू मारते हेही त्यांच्याच गटाने दाखवले. प्रयोगशाळेतली ही मात्रा मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावी इतकी अल्प होती. ही गोष्ट पुढे दवाखान्यात पोहोचलीच नाही.

२००१ मध्ये इवाया, इकावा आणि कुबोता या जपानी डॉक्टरांनी एका दाताची हकिगत छापली. रुग्ण १३ वर्षांचा. खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या मध्यावर एक उंचवटा होता. पूर्व आशियाई लोकांत असा जादा उंचवटा तुलनेने जास्त आढळतो आणि तो मोडला की थेट गरापर्यंत वाट होते. इथेही तो मोडला होता. मुळाशी पू आणि हिरडीवर निचऱ्याचे छिद्र. नेहमीची पद्धत होती चुना भरून वाट पाहण्याची. या तिघांनी भिंतींना फाइल लावली नाही. हायपोक्लोराइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने नळी धुतली, आत मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ठेवले आणि नंतर नळी रिकामी सोडली. पाच महिन्यांनी टोक मिटू लागल्याचे दिसले. ३० महिन्यांनी भिंती जाड झाल्या होत्या, टोक पुरते बंद झाले होते.

तीन वर्षांनी अमेरिकेतून फ्रान्सिस्को बँक्स आणि मार्टिन ट्रोप यांनी दुसऱ्या दाताची गोष्ट सांगितली. मुलगा ११ वर्षांचा आणि दात पुन्हा खालची दुसरी उपदाढ. त्यांनी सव्वापाच टक्क्यांचे हायपोक्लोराइट २० मिलिलिटर आणि क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक १० मिलिलिटर वापरून नळी धुतली आणि होशिनोंची तिन्ही औषधे घट्ट पेस्ट करून आत भरली. जवळजवळ चार आठवड्यांनी पेस्ट धुऊन काढली, मुळाच्या टोकाशी सुई खुपसून रक्त आणले, गुठळी होऊ दिली आणि वर एमटीएचे झाकण घातले. दोन वर्षांनी दात थंड लावल्यावर प्रतिसाद देत होता. न्यूगोर-ओस्बींची गुठळी आणि होशिनोंचे त्रिकूट इथे भेटले. लेखाच्या शीर्षकात लेखकांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या दंतवैद्यांनी ते परस्पर खोडून टाकले.

एका दाताच्या यशावर पद्धत उभी राहणे हे वैद्यकात नवे नाही. तरी इथला वेग चक्रावणारा आहे. भारतातही नवी दिल्लीच्या एम्समध्ये नसीम शाह आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १४ दातांचा अनुभव छापला. त्यांत बहुतेकांची मुळे लांबलेली आणि निम्म्याहून जास्तांच्या भिंती जाडावलेल्या दिसल्या. पेस्टच्या बाजूने पुरावाही होता. ट्रोप यांच्याच गटाने २००५ मध्ये कुत्र्यांच्या संसर्ग झालेल्या कोवळ्या दातांवर पाहिले, तेव्हा नुसत्या हायपोक्लोराइटच्या धुण्याने दहा टक्के नमुने जंतुमुक्त झाले, पेस्ट भरल्यावर सत्तर टक्के. औषधांशिवाय हे जमणार नाही असे म्हणायला एवढे पुरेसे होते.

मग काळेपणाची तक्रार सुरू झाली. मिनोसायक्लिन टेट्रासायक्लिनच्या घराण्यातले. ते डेंटिनमधल्या कॅल्शियमला चिकटते आणि दात राखाडी-निळसर पडतो. उपदाढेत कुणाला दिसत नाही, पण मार बसतो तो बहुधा वरच्या पुढच्या दाताला. मुलाचा दात वाचला आणि हसू काळवंडले, असे पालकांना कोणत्या तोंडाने सांगायचे? काहींनी मिनोसायक्लिन गाळून दोनच औषधे ठेवली, काहींनी त्याजागी सेफॅक्लोर घातले. हा प्रश्न डोळ्यांना दिसला म्हणून लवकर सुटला. दुसरा दिसत नव्हता.

२००० नंतर दाताच्या गरात, दुधाच्या दातांत आणि शेवटी कोवळ्या मुळाच्या टोकाशी असलेल्या मऊ गादीत, एपिकल पॅपिलात, मूलपेशी सापडल्या. ही गादी मोठ्या संसर्गातही तग धरून राहते, कारण तिला बाजूने रक्तपुरवठा असतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ येथील अनिबल डियोजेनेस आणि केनेथ हार्ग्रीव्ह्ज यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की, टोकाशी सुई खुपसून आणलेल्या रक्तात या पेशींच्या खुणा अंगातल्या इतर रक्तापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतात. गुठळीचे यश कशात आहे याचा धागा आता हाती लागला.

आणि त्याबरोबरच एक गैरसोयीचा प्रश्नही आला. ज्या नळीत ही पेशी येऊन बसणार, ती नळी आपण कशाने धुतली आहे? २०११ च्याच सुमारास मुळाच्या तुकड्यांत या पेशी वाढवून पाहिल्या तेव्हा, दोन टक्के क्लोरहेक्सिडिनने धुतलेल्या मुळांत एकही जिवंत पेशी उरली नाही. नुसत्या ईडीटीएने धुतलेल्या मुळांत सर्वांत जास्त जगल्या. २०१२ मध्ये रूपारेल आणि सहकाऱ्यांनी पेस्ट तपासली. दवाखान्यात जाड लगदा करून भरायची ती पेस्ट मिलिलिटरला सुमारे एक हजार मिलिग्रॅम भरत होती. त्या मात्रेला पेशी शिल्लक राहत नव्हत्या. मात्रा हजारो पटींनी खाली आणली तेव्हा त्या जगल्या. चुन्याने मात्र कुठल्याही मात्रेत त्यांना अपाय केला नाही. २०१४ मध्ये हायपोक्लोराइटची पाळी आली. सहा टक्क्यांनी धुतलेल्या डेंटिनवर पेशी मरत होत्या, दीड टक्क्याने धुऊन मागून ईडीटीए दिले तर फारशा नाही.

ईडीटीएचे हे महत्त्व न्यूगोर-ओस्बींच्या स्वप्नातही नसणार. डेंटिन घडताना त्यात वाढीला चालना देणारी प्रथिने अडकून राहतात. ईडीटीए वरचा खनिज थर सोडवते आणि ती प्रथिने मोकळी होतात. पेशींना ती बोलावतात आणि इथे काय बांधायचे ते सांगतात. जर्मनीतील रेगेन्सबुर्गच्या केर्स्टिन गाल्लर यांनी हे सविस्तर दाखवले की, भिंत शेवटी कशाने धुतली यावर तिला चिकटलेली पेशी काय होणार हे बरेच अवलंबून असते. नळी रुंद करायला आणलेले रसायन साठ वर्षांनी पेशींची वाट मोकळी करू लागले.

अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सच्या सूचनांत हा सगळा प्रवास वाचता येतो. हायपोक्लोराइट दीड टक्का, नळीमागे २० मिलिलिटर, पाच मिनिटे सावकाश, पिचकारीची सुई मुळाच्या टोकाच्या अलीकडे थांबवून. मग सलाइन किंवा ईडीटीए. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा अत्यल्प मात्रेची प्रतिजैविक पेस्ट. ही मात्रा आधी मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम सांगितली गेली, नंतर १ ते ५ मिलिग्रॅम. काही आठवड्यांनी पुन्हा ईडीटीए, मग रक्त. भूल देतानाही रक्तवाहिन्या आकसवणारे औषध नसलेले इंजेक्शन, कारण रक्त यायला हवे. डेकिनने १९१५ मध्ये घातलेली अट, जंतू मेले पाहिजेत आणि मांस जळता कामा नये, दंतवैद्यकाने शंभर वर्षांनी मान्य केली असे म्हणायला हरकत नाही.

मात्रा उतरली, पण त्याने जंतूंचेही फावते का? २०१७ मध्ये फेरेट या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या दातांवर अश्रफ फौआद यांच्या गटाने पाहिले की, नळीत थोडे जंतू उरले तरी मुळाची वाढ अडते. बाहेरून सगळे आलबेल दिसत असले तरी आत डेंटिनसारखे काही घडत नाही. बरा होणे आणि वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पू थांबायला जंतू कमी करणे पुरते, मूळ वाढायला ते जवळजवळ संपावे लागतात. शिवाय आत जे वाढते त्याची ओळखही अवघड निघाली. कुत्र्यांच्या आणि माणसांच्या काढलेल्या दातांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी झाली, तेव्हा भिंतींवर बहुतांशी सिमेंटम आणि हाडासारखा पदार्थ दिसला, खरा गर क्वचित. न्यूगोर-ओस्बींनी १९६१ मध्ये जवळपास हेच पाहिले होते. काही संशोधक यावरून सगळ्या उपचाराला खोटे ठरवतात. मला ते पटत नाही. नवव्या वर्षी मोडलेला दात विशीपर्यंत मुलाच्या तोंडात टिकला, तर भिंतीवर सिमेंटम आहे की डेंटिन याने त्याचे काय बिघडते? मात्र मूळ वाढेलच अशी ग्वाही पालकांना देणे अप्रामाणिक ठरेल. अनेक दातांत ते वाढत नाही.

या सगळ्या संशोधनाचा आपल्याकडच्या दवाखान्यात काय निकाल लागतो, हे पाहायचे तर खलबत्त्याकडे पाहावे. होशिनोंच्या तीन औषधांची ट्रिपल पेस्ट करायची पद्धत अशी की, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांवरचे आवरण खरवडून काढायचे, तिसऱ्याची कॅप्सूल फोडायची, तिन्ही खलात घोटायची आणि थोडे सलाइन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालून लगदा करायचा. तो सुबक चिकटतो आणि नळीत छान बसतो, पण त्याची मात्रा हजाराच्या घरात असते. आता मिलिलिटरला एक मिलिग्रॅम करायचे म्हटले, तर ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीला अर्धा लिटर पाणी लागेल. दाताच्या नळीत मावतो जेमतेम एखादा थेंब, तोही पाण्यासारखा, ठेवल्या जागी न राहणारा. मिथाइलसेल्युलोजसारखे जेल वापरून ते धरून ठेवण्याचे प्रयत्न संशोधकांनी केले आहेत. दंतवैद्याच्या टेबलावर मात्र शेजारीच कॅल्शियम हायड्रॉक्साइडची तयार पिचकारी असते. तिची मात्रा मोजावी लागत नाही, ती दात काळा करत नाही, पेशी मारत नाही आणि ती कुठल्याही डेंटल डेपोत मिळते. महिनोन्‌महिने भरून ठेवला तर दात मोडतो म्हणून बदनाम झालेला हेरमानांचा चुना आज दोन ते चार आठवड्यांच्या मुदतीवर त्याच कोवळ्या दातांत परत गेला आहे.